नाच्या : गणपत पाटलांचा आणि आमचा

१

येरमाळ्याला चैत्री पौर्णिमेला येडेश्वरीची यात्रा भरते. दुसऱ्या दिवशी पालखी डोंगरावरून खाली आमराईकडे येते. हजारो माणसे रानात चुनखडीचे खडे वेचतात, आराध्यांची गाणी रात्रभर चालतात आणि त्या चार-पाच दिवसांत गावाला गावपण उरत नाही. माझ्या लहानपणी, म्हणजे १९९० च्या दशकात, या यात्रेत तमाशाचा फड उतरे आणि तंबूतला सिनेमाही येई. मी आयुष्यातला पहिला नाच्या पाहिला तो फडात नव्हे, तंबूत. चित्रपट कोणता होता ते आता आठवत नाही. आठवतो तो पडद्यावरचा माणूस. मान वेळावणारा, हात नाचवणारा, टाळी देऊन ‘आत्ता गं बया’ म्हणणारा. सगळा तंबू हसत होता. मीही हसत होतो. शेजारी बसलेला माझा आजा मात्र हसत नव्हता.

सिनेमा सुटल्यावर घराकडे येताना आजा एवढेच म्हणाला, ‘‘गडी चांगलं करतोय. पर नाच्या म्हणतेत अन् नाचू देत न्हाईत त्याला.’’

हे वाक्य कळायला मला वीस-पंचवीस वर्षे लागली. पडद्यावरच्या त्या नटाचे नाव गणपत पाटील, हे मला पुढे कळले. त्याहून उशिरा कळले ते हे की माझा आजा तरुणपणी एका फडात नाच्या होता. आमच्या घरात ही गोष्ट कोणी बोलत नसे. आजा १९९८ साली वारला. त्यानंतर आजीने एकदा पेटीच्या तळाचे फडके सोडून घुंगरांची एक माळ दाखवली आणि पुन्हा गुंडाळून ठेवली. तेव्हा मी शाळेत होतो.

आज मी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. आमच्या घराण्यात पदवी घेतलेला मी पहिला. वर्गात राजे, लढाया, करार, चळवळी शिकवताना एक प्रश्न मला सारखा सतावतो. इतिहासात ज्यांना दुय्यम भूमिका मिळाली, त्यांचा इतिहास कोणी लिहायचा? सिनेमाच्या इतिहासात नायक आहेत, नायिका आहेत, दिग्दर्शक आहेत. नाच्याची भूमिका करणारा नट श्रद्धांजलीच्या चार ओळींत संपतो. आणि ज्या खऱ्या नाच्यांच्या जिवावर ती भूमिका उभी राहिली, त्यांना तर त्या चार ओळीही मिळत नाहीत. म्हणून गणपत पाटलांच्या कारकिर्दीचा विचार मला आमच्या वाड्यातून करावासा वाटतो. त्यांच्यावर टीका करण्याचा यात हेतू नाही. त्यांच्या वाट्याला जे हसू आले ते मुळात कोणाचे होते, हे मला शोधायचे आहे.

२

गणपत पाटील कोल्हापूरचे. घर गरिबीचे. वडील लहानपणीच गेले, म्हणून पोरवयातच मोलमजुरी करावी लागली, फुले आणि पाव विकावे लागले. त्या काळच्या कोल्हापुरात दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे मेळे. उत्सवांतल्या या मेळ्यांतून कष्टकऱ्यांची पोरे गात, सोंगे करीत. रामायणावरच्या एका मेळ्यात गणपत पाटलांनी सीतेचे काम केले. दुसरी गोष्ट म्हणजे सिनेमा. बाबूराव पेंटरांची महाराष्ट्र फिल्म कंपनी कोल्हापूरची. १९२९ साली ‘प्रभात’ निघाली तीही कोल्हापुरातच, पुण्याला ती १९३३ साली गेली. मास्टर विनायक, भालजी पेंढारकर यांची कामे तिथेच उभी राहिली. ज्या गावात शाहू महाराजांनी १९०२ साली मागासलेल्या वर्गांसाठी पन्नास टक्के जागा राखून ठेवल्या, त्याच गावात मराठी सिनेमाचे कारखाने उभे राहिले हा केवळ योगायोग असेल. पण या कारखान्यांना सुतार, रंगारी, शिंपी, हमाल लागत होते आणि ते गरिबाच्या घरातूनच येत होते.

गणपत पाटीलही तिथे आले ते असेच. राजा गोसावींशी स्नेह होता, त्या ओळखीने मास्टर विनायकांच्या कंपनीत शिरकाव झाला. तिथे त्यांनी सुतारकाम केले, रंगभूषेला हातभार लावला, गर्दीत उभे राहिले. गर्दीतला माणूस पुढे येऊन एक वाक्य बोलतो, मग दोन, आणि मग एखाद्या प्रसंगापुरता त्याला चेहरा मिळतो. सिनेमात असे वर चढायला कित्येकांचे आयुष्य जाते. त्यांचेही बरेच गेले. भालजींच्या ‘मीठभाकर’सारख्या चित्रपटांतून लहान लहान कामे मिळत गेली. रंगभूषेचे काम पोटाला आधार देत होते.

वळण आले ते रंगभूमीवर. ‘जाळीमंदी पिकली करवंदं’ या नाटकात त्यांना नाच्याची भूमिका मिळाली आणि ती प्रेक्षकांनी उचलून धरली. त्यातून ‘वाघ्या मुरळी’ या चित्रपटात नाच्याचे काम आले. त्यानंतर तमाशापट आणि गणपत पाटील हे समीकरण होऊन गेले. फड आला की ढोलकीवाला आला, ढोलकीवाला आला की बाई आली आणि बाईच्या मागून पदराची ओढणी सावरत गणपत पाटील आले. मराठी सिनेमाचा तो काळ तमाशापटांचाच होता. अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ १९५९ साली आला आणि पुण्याच्या विजयानंद चित्रपटगृहात अडीच वर्षांच्या आसपास चालला. पाठोपाठ ‘सवाल माझा ऐका’ (१९६४), ‘केला इशारा जाता जाता’ (१९६५), ‘एक गाव बारा भानगडी’ (१९६८) अशी रांगच लागली.

या सगळ्या काळात गणपत पाटलांचे काम ठरून गेले होते. ज्या नटाने सुतारकाम केले, रंगभूषा केली, सीता केली, त्याच्याकडे सिनेमाने एकच गोष्ट मागितली. तीच मान, तोच हात, तीच टाळी. पडद्यावरचा पाटील फेटा बांधून बैठकीत लोडाला टेकून बसे आणि पाटील आडनावाचा हा नट त्याच्यासमोर लाजत मुरकत उभा असे. पैसा किती मिळाला असेल तो असो, पण घराबाहेर त्यांना त्या भूमिकेची किंमत मोजावी लागली. संसारी गृहस्थ असूनही लोक त्यांना पडद्यावरचाच माणूस समजत. रस्त्यात कुजबुज, मागून टाळ्या. मार्च २००८ मध्ये कोल्हापुरात त्यांचे निधन झाले. उतारवयात गौरव झाले, पण नाच्याखेरीज दुसरा गणपत पाटील महाराष्ट्राने फारसा पाहिलाच नाही.

३

आता आजाच्या वाक्याकडे येतो. नाच्या म्हणतात आणि नाचू देत नाहीत.

तमाशाचा जुना साचा आपल्याला माहीत आहे. गण, गौळण, बतावणी, लावणी, वग. फडात सरदार, सोंगाड्या, ढोलकीवाला, हलगीवाला, तुणतुण्यावाला आणि मागे सूर धरणारे सुरत्ये. या सगळ्यांत नाच्याची जागा कुठे? बाई तमाशात येण्याआधी नाचत होता तो नाच्याच. ‘नाच्या पोऱ्या’ हा शब्द तेव्हापासूनचा आहे. लुगडे नेसून, पायात चाळ बांधून लावणीचा अर्थ अंगातून काढणारा तो पोरगा फडाचा कणा असे. त्याच्यावर माणसे फिदा होत, त्याच्यासाठी रात्रभर बसत. विनोद करणे हे सोंगाड्याचे काम. गौळणीत पुरुषानेच केलेली मावशी असे, तीही हसवी. नाच्याचे काम हसवणे नव्हते. त्याचे काम नाचणे होते आणि ते शिकायला वर्षे लागत.

पुढे फडात स्त्रिया आल्या. संगमनेरजवळच्या हिवरगावची पवळा ही महाराची मुलगी पठ्ठे बापूरावांच्या फडात उभी राहिली आणि मुंबईने तिच्यासाठी गर्दी केली. बाई आल्यावर नाच्याचा नाच गेला. काही फडांत तो टिकला, काहींत सोंगाड्यात मिसळला, काहींत मावशीपुरता उरला. आमच्या मराठवाड्यात फडांना बाई मिळणे अवघड असे, तेव्हा नाच्या उशिरापर्यंत टिकला, असे जुनी माणसे सांगतात. आजा फडात गेला तेव्हा येरमाळा निजामाच्या राज्यात होते. त्याच्या सांगण्यातला एक तपशील वडिलांनी मला सांगितला. फडाच्या सरदाराने त्याला पहिले वर्षभर नाचू दिले नाही, नुसता ढोलकीच्या शेजारी बसवला. ‘‘आधी कानानं नाच, मग पायानं,’’ असे सरदार म्हणे. ही विद्या होती. तिला ना शाळा होती ना प्रमाणपत्र, पण ती विद्याच होती.

सिनेमाने हा साचा उचलला तेव्हा काय केले? नाच बाईला दिला. तोही बहुधा फडातल्या बाईला नव्हे, नटीला. विनोदाची तोंडपाटीलकी सोंगाड्याला दिली. मावशीचे मुरके, सोंगाड्याची टाळी आणि नाच्याचे नाव एकत्र करून एक नवेच पात्र घडवले. ते पात्र फडाबरोबर असते, पण नाचत नाही. नायिका नाचते तेव्हा ते कडेला उभे राहून माना डोलावते. ते नसले तर कथेचे काही अडत नाही. असले तर प्रेक्षक हसतात. एका कलेचा पाय तोडायचा आणि लंगडण्याला हसायचे, असा हा प्रकार आहे. गणपत पाटलांनी त्या तोडलेल्या भूमिकेत जीव ओतला, ही त्यांची ताकद. भूमिका तोडली ती त्यांनी नव्हे.

४

तमाशा सिनेमात कोणत्या दाराने गेला, हेही पाहण्यासारखे आहे. १९४७ साली राजकमलचा ‘लोकशाहीर रामजोशी’ आला आणि गाजला. नायक सोलापूरचा ब्राह्मण शाहीर. १९५० साली ‘पठ्ठे बापूराव’ आला. नायक रेठऱ्याचे श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, म्हणजे पुन्हा ब्राह्मण. दोघेही मोठे शाहीर होते, त्यांच्या प्रतिभेविषयी वाद नाही. पण ज्या कलेची ढोलकी, हलगी, तुणतुणे, नाच आणि सोंग पिढ्यान् पिढ्या महार-मांगांनी आणि कोल्हाट्यांनी सांभाळले, तिच्यावर चित्रपट काढताना पहिली नजर जाते ती तिच्यात उतरून आलेल्या ब्राह्मणाकडे. सिनेमाला यात कथा दिसते, कारण ‘पतन’ आणि ‘त्याग’ तिथे आहेत. महाराचे पोर तमाशात गेले तर त्यात कसले पतन आणि कसला त्याग? ते तर जन्मानेच तिथले! प्रस्थापितांच्या कथाशास्त्रात आमच्या माणसाला नायक होता येत नाही ते इथे. तो ढोलकीवाला होतो, झिलकरी होतो, फार तर नाच्या होतो.

याच काळात दुसरीकडे काय चालले होते? पडद्यावरचा रामजोशी गर्दी खेचत असतानाच्या त्याच सुमारास मुंबई राज्यात बाळासाहेब खेरांच्या सरकारने खऱ्या तमाशावर बंदी घातली. कारण अश्लीलता. फडवाल्यांनी गाऱ्हाणी मांडली. मग दत्तो वामन पोतदारांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. तमाशा ‘सुधारायचा’ ठरला आणि वग तपासून घेतल्याशिवाय प्रयोग करता येईना. सिनेमातल्या तमाशाला चित्रपटगृह मिळाले, खऱ्या तमाशाला पोलिसाचा परवाना लागला. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत आमचा उस्मानाबाद जिल्हा, आजचा धाराशिव, हैदराबाद संस्थानात होता. पुढे १९५६ साली तो मुंबई राज्यात आणि १९६० साली महाराष्ट्रात आला. त्यामुळे मुंबईचा हुकूम आमच्याकडे लगेच लागू नव्हता. पण फडांच्या वाटा ठरलेल्या असत. तिकडच्या जत्रा बंद पडल्या की इकडच्या फडाचेही पोट तुटे.

विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर यांचे उदाहरण सर्वांना ठाऊक आहे. १९५७ आणि १९९० साली राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान झाला. बाळंतपणाच्या कळा सोसून बोर्डावर उभी राहिलेली ही बाई. अखेरची वर्षे ओढग्रस्तीत गेली आणि २००२ साली ती गेली. आता तिच्या नावाने सरकार जीवनगौरव पुरस्कार देते. कवलापूरच्या काळू-बाळूंनी आयुष्यभर महाराष्ट्र हसवला. ही माणसे गावोगावच्या मातीत उभी राहून जे करीत होती, त्याची पडद्यावरची नक्कल अडीच-अडीच वर्षे एका थिएटरात चालत होती. नक्कल करणाऱ्या नटांना मी दोष देत नाही. पण दोन्हींच्या हिशेबाची वही एकच नव्हती, हे इतिहास लिहिणाऱ्याने नोंदवले पाहिजे.

५

इथे आपल्या चळवळीविषयी बोलणे भाग आहे. ते मी संकोचाने, पण बोलणार आहे.

पठ्ठे बापूरावांनी महाडच्या सत्याग्रहासाठी तमाशाच्या उत्पन्नातून पैसे देऊ केले आणि बाबासाहेबांनी ते नाकारले, ही गोष्ट चळवळीत पिढ्यान् पिढ्या सांगितली जाते. आमच्या बायका नाचवून मिळालेला पैसा आमच्या मुक्तीला नको, हा त्या नकाराचा अर्थ. तो नकार योग्यच होता. ज्या समाजाच्या स्त्रीचे शरीर गावाच्या मालकीचे समजले जात होते, त्या समाजाला असा नकार दिल्यावाचून ताठ उभे राहता आले नसते.

पण चळवळीने केवळ नकार दिला नाही, हेही तितकेच खरे. सत्यशोधकांनी तमाशाचाच साचा घेऊन जलसा उभा केला. त्यापुढे आंबेडकरी जलसा आला. भीमराव कर्डकांसारख्या माणसांनी तीच ढोलकी आणि तेच तुणतुणे घेऊन गण-गौळणीचा जुना साचा मोडला आणि सावकार, भट, तलाठी यांची सोंगे उभी केली. जलशात बाई नाचवायची नाही, हे ठरलेले होते. स्त्रीपात्र लागले तर पुरुषच ते करी. म्हणजे लुगडे नेसलेला पुरुष जलशातही होता. तिथे त्याला कोणी नाच्या म्हणून हिणवले नाही, कारण तो कोणाच्या बैठकीपुढे उभा नव्हता. तो आपल्याच वस्तीत, आपल्याच माणसांसमोर, शिकायला सांगत उभा होता. वेष तोच होता, पण समोर बसलेली माणसे बदलली होती. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

१९५६ च्या धर्मांतरानंतर दोन-तीन वर्षांत आमच्या वस्तीतही दीक्षा झाली. मेलेली ढोरे ओढणे बंद झाले, पोतराजकी बंद झाली, येसकराची भाकर बंद झाली. आणि एका बैठकीत आजाला सांगण्यात आले, ‘‘घुंगरू सोड.’’ आजाने सोडले. त्याने वाद घातला नाही. पुढे तो ऊसतोडीला गेला, रस्त्याच्या कामावर खडी फोडली, वडिलांना दहावीपर्यंत शिकवले. बैठकीतली माणसे चुकली असे मी म्हणणार नाही. त्यांच्या त्या शिस्तीमुळेच मी आज वर्गात उभा राहतो. पण पोतराजाचा आसूड आणि नाच्याचे घुंगरू आपण एकाच गाठोड्यात बांधले का, हा प्रश्न मला पडतो. आसुडात गुलामी होती. घुंगरातही गुलामी होती, पण घुंगरात वर्षभर कानाने नाचायला शिकलेला एक माणूसही होता. गाठोडे फेकताना तो माणूसही गेला. आम्ही त्याची लाज धरली, नोंद ठेवली नाही.

६

लाजेचा उगम कुठे आहे, ते मला शाळेत कळले. सातवीत असताना स्नेहसंमेलनात वगाचा एक प्रवेश बसवला जात होता. पात्रे वाटताना शिक्षक माझ्याकडे पाहून म्हणाले, ‘‘नाच्या तू. तुमच्या घरात आहेच ते.’’ वर्ग हसला. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत पोरे मला पाहून टाळी वाजवीत आणि ‘आत्ता गं बया’ म्हणत. गणपत पाटलांना रस्त्यात जे ऐकावे लागले, तेच मला पटांगणात ऐकावे लागले. फरक एवढाच की त्यांनी ती भूमिका केली होती. मी केली नव्हती. ती मला जन्माने मिळाली होती.

लुगडे नेसलेल्या पुरुषाला महाराष्ट्र नेहमीच हसतो का? नाही. नारायणराव राजहंस म्हणजे बालगंधर्व आयुष्यभर शालू नेसून उभे राहिले. घरंदाज बायकांनी त्यांच्यासारखे पातळ नेसले, त्यांच्यासारखी वेणी घातली. १९६४ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. तो गौरव योग्यच होता. मग फडातला पोरगा तेच लुगडे नेसतो तेव्हा तो ‘नाच्या’ का होतो आणि तो शब्द शिवी का होतो? संगीत नाटकाला नाट्यगृह, खुर्ची, तिकीट आणि वर्तमानपत्रातले परीक्षण होते. फडाला माती होती आणि दौलतजादा होता. एकाच्या लुगड्यामागे ब्राह्मणी अभिरुची उभी होती, दुसऱ्याच्या लुगड्यामागे महारवाडा. लुगड्याला जात नसते, असे म्हणणाऱ्यांनी हा हिशेब मांडून पाहावा.

आमच्या येरमाळ्यातच याचे आणखी एक उदाहरण दर चैत्रात दिसते. डोंगरावर लुगडे नेसलेला, कपाळभर मळवट भरलेला, हातात परडी घेतलेला आराधी येतो तेव्हा पाटलाच्या घरची माणसेही वाकून नमस्कार करतात. त्याच रात्री खाली फडात तोच वेष दिसला की तीच माणसे शिट्ट्या मारतात. देवीच्या नावाने पाया पडायचे आणि करमणुकीच्या नावाने हसायचे. माणूस म्हणून समोरासमोर पाहायचे मात्र कधीच नाही.

गणपत पाटलांच्या मृत्यूनंतर लिहिणाऱ्यांनी एक गोष्ट आवर्जून सांगितली. ते प्रत्यक्षात ‘तसे’ नव्हते, ते संसारी होते, मुलाबाळांचे होते. सांगणाऱ्यांचा हेतू चांगला होता. पण थोडा विचार केला तर या सफाईतही अन्याय आहे. ते ‘तसे’ असते तर? मग ते हसू रास्त ठरले असते काय? १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. त्या निकालामागेही समतेची आणि प्रतिष्ठेची तीच घटना उभी आहे, जी बाबासाहेबांनी आपल्याला दिली. तेव्हा नाच्याची बाजू घेताना ‘तो खरा पुरुष होता’ असे सिद्ध करण्याची गरज नाही. माझा आजा कसा होता, हे मी कोणाला सिद्ध करून दाखवणार नाही. तो कलावंत होता, एवढे पुरे आहे.

७

गणपत पाटील गेल्यावर दोन वर्षांतच, जानेवारी २०१० मध्ये, ‘नटरंग’ हा चित्रपट आला. आनंद यादवांच्या कादंबरीवरचा. त्यात नाच्या पहिल्यांदा नायक झाला. अतुल कुलकर्णींनी ते काम जीव तोडून केले. चित्रपट गाजला, शहरातले प्रेक्षक हळहळले. मी तो पाहिला तेव्हा मला आनंद झाला आणि रागही आला. नाच्याचे दुःख पाहून टाळ्या वाजवणाऱ्या याच समाजाने पन्नास वर्षे त्याच नाच्याला हसून घेतले होते. ज्याने ते हसे अंगावर झेलले, तो नट ही सहानुभूती पाहायला राहिला नव्हता.

मग आपण काय करायचे? नामदेवराव व्हटकरांची आठवण इथे होते. दलित घरातून आलेला, सिनेमात धडपडणारा हा माणूस. ७ डिसेंबर १९५६ रोजी मुंबईत बाबासाहेबांची अंत्ययात्रा निघाली तेव्हा त्यांनी पदरमोड करून ती चित्रित केली. मोठ्या कंपन्यांचे कॅमेरे मुंबईतच होते. पण तो दिवस पुढच्या पिढ्यांसाठी राखून ठेवावा, हे एका व्हटकरांना स्वतःचा पैसा घालून करावे लागले. आज ती हलती चित्रे पाहताना आपण त्यांचे नावही घेत नाही. तेही आपल्या इतिहासातले दुय्यम पात्रच राहिले. पण त्यांनी दाखवलेली वाट स्पष्ट आहे. आपली नोंद दुसरा कोणी ठेवील, या भरवशावर राहायचे नाही.

गेल्या वर्षी मी वर्गातल्या मुलांना एक काम दिले. आपापल्या गावच्या जत्रेत उतरणाऱ्या फडांत जे कोणी होते, त्यांच्यातल्या हयात माणसांना भेटा आणि चार गोष्टी लिहून आणा. काय शिकला, कोणाकडून शिकला, काय मिळाले आणि का सोडले. पहिल्या आठवड्यात कोणी काही आणले नाही. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगी तास संपल्यावर थांबली. दाराकडे पाहत हळू आवाजात म्हणाली, ‘‘सर, माझे आजोबा नाच्या होते. घरी सांगू नका.’’

मी तिला सांगितले, ‘‘माझाही आजा नाच्या होता.’’ मग ती बसली. आम्ही दोघांनी वहीत पहिले दोन कागद लिहिले. एक तिच्या आजोबांचा, एक माझ्या आजाचा. माझ्या आजाच्या कागदावर मी त्याचे काम या रकान्यात ‘ऊसतोड मजूर’ लिहिले होते. ते खोडून ‘नर्तक’ असे लिहिले.